चौथऱ्यावरचं विमान जपलेलं नसतं

26 सप्टेंबर 2025 रोजी चंदीगडला मिग-21 निवृत्त झालं आणि वायुदलातली त्याची 62 वर्षांची नोकरी संपली. ज्या विमानाचे सांगाडे नाशिकजवळच्या ओझरच्या कारखान्यात वर्षानुवर्षं जोडले गेले, त्याच्या निरोपाला महाराष्ट्रात हळहळ व्हावी हे साहजिकच होतं. त्या हळहळीतून दोन सूर निघाले. थोड्या उत्साही मंडळींचं म्हणणं असं, की एखादं तरी मिग उडतं ठेवा, एअर शोमध्ये लोकांना दाखवा. बहुसंख्यांचं म्हणणं याच्या उलट: जुनी विमानं दुरुस्त करून उडवणं हा श्रीमंत देशांचा शौक आहे, त्यात पैसा जातो, माणसं मरतात, आपल्याकडे ती रंगवावीत आणि चौकात, शाळा-कॉलेजांच्या आवारात चौथऱ्यावर उभी करावीत, म्हणजे इतिहासही जपला जाईल आणि तरुणांना स्फूर्तीही मिळेल. हे दुसरं मत शहाणपणाचं वाटतं, म्हणूनच ते तपासायला हवं. माझं म्हणणं असं, की चौथऱ्यावर चढवलेलं विमान जपलेलं नसतं, ते फक्त सावकाश भंगारात जात असतं. आणि लष्करी विमानांच्या बाबतीत जपायची गोष्ट मुळात धातू नसून ती बनवण्याची आणि चालती ठेवण्याची कारागिरी आहे. ती उडत्या विमानाशिवाय टिकत नाही. मात्र कोणतं विमान उडवायचं, कुठे आणि कोणाच्या हातून, या प्रश्नांची उत्तरं उत्साही मंडळींनाही आवडणार नाहीत.

आधी ‘उभं ठेवणं स्वस्त आणि सुरक्षित’ हा दावा घेऊ, कारण त्याचा निकाल महाराष्ट्रात दोनदा लागलेला आहे. 1971च्या युद्धात ज्या ‘विक्रांत’वरून सी हॉक आणि अलिझे विमानं उडाली, ती युद्धनौका 1997 मध्ये निवृत्त झाली आणि 2001 पासून मुंबईत संग्रहालय म्हणून उभी राहिली. उभी राहिली एवढंच. गंजत्या नौकेवर लोकांना नेणं धोक्याचं ठरून 2012 मध्ये ते संग्रहालय बंद झालं, नौका सुमारे 60 कोटी रुपयांना विकली गेली आणि 2014च्या अखेरीस मुंबईच्या दारूखाना भागात तिच्यावर गॅस कटर चालले. तिचं थोडं पोलाद पुढे एका मोटारसायकलीच्या जाहिरातीत झळकलं; स्मारकाचा असा शेवट कोणी कादंबरीत लिहिला असता तर आपण त्याला अतिशयोक्ती म्हटलं असतं. दुसरी ‘विराट’. नोव्हेंबर 2018 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सिंधुदुर्गातल्या निवतीजवळ तिचं संग्रहालय करण्याच्या 852 कोटींच्या प्रस्तावाला मंजुरी दिली. दोन वर्षांच्या आत ‘विराट’ अलंगच्या किनाऱ्यावर तोडायला गेली. नौका आणि विमान सारखी नाहीत हे मान्य, पण दोन्ही धातूची आहेत आणि धातूला हवा खाते. गोव्यात बोगमाळोला नौदलाचं विमान संग्रहालय 1998 पासून आहे. तिथे सुपर कॉन्स्टेलेशन आहे, जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरलेली शॉर्ट सीलँडसारखी उभयचर विमानं आहेत, आणि त्यांतली बरीचशी समुद्राच्या वाऱ्यात उघड्यावर उभी आहेत. ॲल्युमिनियमच्या पत्र्याच्या सांध्यात खारं पाणी शिरलं की आतल्या आत पांढरी भुकटी धरते आणि वरचा रंग शाबूत दिसत असतानाच आतला पत्रा पापडासारखा होतो. दर दोन वर्षांनी रंगाचा हात मारला की बघणाऱ्याला विमान नवं दिसतं, आणि तोच हात गंजही झाकतो. चौकातल्या विमानांना तर तेवढंही भाग्य नसतं. त्यांच्या इंजिनाच्या पोकळीत कबुतरं असतात.

यंत्र चालवल्याशिवाय टिकत नाही, हे शेतकऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. विहिरीवरचं ऑइल इंजिन एक हंगाम बंद राहिलं तर दुसऱ्या हंगामात त्याची काय अवस्था होते, हे मराठवाड्यातल्या कन्नड तालुक्यात कोणत्याही गावात विचारावं. विमानाचं तेच, फक्त अधिक काटेकोर. डकोटा या जुन्या वाहतूक विमानाच्या प्रत्येक इंजिनाला चौदा सिलिंडर असतात, दोन वर्तुळांत मांडलेले. विमान उभं असलं की तेल झिरपून खालच्या सिलिंडरांत साचतं. तशात थेट स्टार्टर मारला तर दट्ट्या त्या तेलावर आदळतो, तेल दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून इंजिन सुरू करण्याआधी माणसं पंख्याचं पातं हातांनी ओढून, पाती मोजत, इंजिन फिरवतात आणि कुठे अडतंय का ते हाताला जाणवतं का पाहतात. किती जोर म्हणजे ‘अडलं’ आणि किती म्हणजे नेहमीचा ताठरपणा, हे कोणत्याही पुस्तकात वाचून कळत नाही. तसंच रिव्हेटचं. विमानाच्या काही जोडांतले ॲल्युमिनियम मिश्रधातूचे रिव्हेट भट्टीत तापवून, पाण्यात विझवून, फ्रीजरमध्ये ठेवावे लागतात; बाहेर काढले की काही मिनिटांतच ते ठोकायचे, नाहीतर ते कडक होतात आणि ठोकताना तडकतात. एकजण बाहेरून हातोडीयंत्र धरतो, दुसरा पत्र्याच्या आत हात घालून लोखंडी ठोकळा टेकवतो, आणि दोघे एकमेकांना न बघता काम करतात. टायगर मॉथ या जुन्या प्रशिक्षण विमानाच्या पंखावरचं कापड बरगड्यांना सुई-दोऱ्याने शिवावं लागतं आणि मग त्यावर डोप नावाचा लेप लावून ते ढोलाच्या कातड्यासारखं ताणावं लागतं. ही विद्या कागदावर नोंदवता येते, पण तिथून ती हातात उतरत नाही. काचेमागच्या विमानाला या विद्येची गरजच नसते, म्हणून संग्रहालय ती राखत नाही. उडणाऱ्या विमानाला ती दर उड्डाणाआधी लागते.

इथे नेहमीचा आक्षेप येतो तो खर्चाचा. भारतीय वायुदलाच्या विंटेज फ्लाइट या जुन्या विमानांच्या तुकडीतलं सर्वांत गाजलेलं विमान म्हणजे ‘परशुराम’ हे डकोटा. तेव्हाचे खासदार राजीव चंद्रशेखर यांनी ते स्वतः विकत घेऊन वायुदलाला भेट दिलं. त्यांचे वडील वायुदलात डकोटाचे वैमानिक होते. सुरुवातीला सरकारने ही भेट नाकारली होती. पुढे गोव्याचे मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना ती स्वीकारली गेली. विमान ब्रिटनमध्ये कोव्हेंट्रीला दुरुस्त झालं, एप्रिल 2018 मध्ये तिथून स्वतःच्या पंखांवर युरोप आणि अरबस्तान ओलांडत जामनगरला उतरलं आणि 4 मे 2018 रोजी हिंडनला दाखल झालं. 27 ऑक्टोबर 1947 रोजी शीख रेजिमेंटच्या जवानांना घेऊन श्रीनगरला सर्वप्रथम उतरलेल्या डकोटाचा क्रमांक व्हीपी 905 त्याला देण्यात आला. त्याआधी 2012 मध्ये वायुदलाच्या ऐंशीव्या वर्धापनदिनी उडालेलं टायगर मॉथही ब्रिटनमध्येच दुरुस्त होऊन आलं होतं. टीकाकार म्हणतात, पाहा, किती खर्चिक प्रकरण. मला यात वेगळीच गोष्ट खटकते. ही कामं परदेशात का करावी लागली? दुसरं महायुद्ध संपल्यावर ब्रिटिशांनी कानपूरला लिबरेटर बॉम्बर विमानांचा एक कळप टाकून दिला होता, तोही पुन्हा वापरता येऊ नये म्हणून मुद्दाम मोडतोड करून. 1948 मध्ये बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या लोकांनी त्यांतली चाळीसेक विमानं उडण्यालायक केली, कंपनीचे वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ती बंगळूरला उडवत नेली आणि वायुदलाने 1968 पर्यंत वापरली. त्या लिबरेटरांपैकी काही नंतर जगभरच्या संग्रहालयांत गेली. अमेरिकेत पुढे पुन्हा उडवलेलं एक लिबरेटर हे भारतानेच कधीकाळी भंगारातून उठवलेलं होतं. 1977 मध्ये एका परदेशी संग्राहकाने भारतातून आठ पडीक स्पिटफायर नेली, आणि त्यांतली काही आज युरोप-अमेरिकेत तिकीट लावून उडतात. म्हणजे माल आपला होता आणि हातही कधीकाळी आपले होते. साठेक वर्षांनी टायगर मॉथचं कापड ताणायलासुद्धा आपल्याला इंग्लंडला जावं लागलं, तर खर्चाचं कारण उड्डाणात शोधायचं की मधल्या काळात आपण सोडून दिलेल्या हातांत? इथल्या कारागिरांच्या पगारात गेलेला रुपया आणि परक्या कार्यशाळेच्या बिलात गेलेला रुपया हिशेबात सारखे दिसतात. पहिला रुपया मात्र पुढच्या विमानाला पुन्हा उपयोगी पडतो.

आता सर्वांत जड आक्षेप, माणसांच्या जिवाचा. तो झटकून टाकणारे एअर शोचे भक्त मला पटत नाहीत. 22 ऑगस्ट 2015 रोजी इंग्लंडमधल्या शोरहॅमच्या एअर शोमध्ये एक जुनं हॉकर हंटर जेट कोलांटी घेताना पुरेशी उंची गाठू शकलं नाही आणि शेजारच्या महामार्गावर आदळलं. अकरा माणसं गेली. त्यांतल्या कोणी त्या शोचं तिकीट काढलेलं नव्हतं. हंटर हे आपल्याही वायुदलाचं जुनं विमान, 1971 मध्ये लोंगेवालाला पाकिस्तानी रणगाडे फोडणारं. त्यामुळे तो अपघात आपल्याला परका नाही. चौकशीत असंही पुढे आलं, की त्या विमानाच्या इजेक्शन सीटची स्फोटक काडतुसं मुदतबाह्य झालेली होती. ब्रिटनने त्यानंतर जुन्या लष्करी जेटना समुद्राऐवजी जमिनीवर होणाऱ्या शोमध्ये कसरती करण्यास मनाई केली. ही मनाई घाबरटपणाची नव्हती. जेटमध्ये वेग इतका असतो, की वैमानिकाची अर्ध्या सेकंदाची चूक शेजारच्या वस्तीच्या अंगावर जाते. आणि इजेक्शन सीट, टर्बाइनची पाती, दाबाखालच्या नळ्या हे भाग मूळ कंपनीच्या पाठिंब्याविना कोणत्याही हुशार कारागिराला बनवता येत नाहीत. ब्रिटनचं एकमेव उडतं व्हल्कन बॉम्बर आठ वर्षं लोकांनी वर्गणीवर उडवलं. 2012 मध्ये ओलावा शोषणाऱ्या पिशव्या इंजिनाच्या तोंडाशी विसरल्याने त्याची दोन इंजिनं एका झटक्यात निकामी झाली, नवी मिळणार नव्हतीच, आणि 2015 मध्ये तांत्रिक जबाबदारी घेणाऱ्या कंपन्यांनी अंग काढून घेतल्यावर ते कायमचं जमिनीवर आलं.

म्हणून मिग-21 उडवू नये. हे मी त्या विमानाबद्दल आदर ठेवून म्हणतो. एकच इंजिन, छोटे पंख, ताशी सुमारे तीनशे किलोमीटर वेगाने धावपट्टीला टेकणारं हे यंत्र तरुण, रोज उडणाऱ्या वैमानिकांनाही माफ करत नसे. 2012 मध्ये संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी राज्यसभेत दिलेल्या माहितीनुसार वायुदलाच्या 872 मिग विमानांपैकी 482 तोवर अपघातात सापडली होती. त्यांत 171 वैमानिक आणि 39 नागरिक मृत्युमुखी पडले. हा आकडा सगळ्या प्रकारच्या मिगचा आहे, त्यात प्रशिक्षणाच्या उणिवांचाही वाटा आहे, हे सगळं खरं. तरीही वर्षाकाठी चार उड्डाणं करणारा हौशी चमू त्या विमानावर बसवणं म्हणजे त्या 171 जणांच्या नोंदीतून काहीच न शिकणं. मिग चालतं ठेवायचं तर जमिनीवर: इंजिन सुरू होतं, चाकं वर-खाली होतात, धावपट्टीवर ते स्वतःच्या ताकदीने सरकतं, एवढं. त्यालाही सगळी विद्या लागतेच. नुसतं उभं विमान आणि असं विमान यांतला फरक दहा वर्षांच्या पोरालाही आवाजावरून कळतो.

पण मग पंख्याची विमानं तरी निर्धोक आहेत का? नाहीत, आणि तसं म्हणणारा माणूस आपल्याच बाजूची केस बिघडवतो. 2018 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये जुनं युंकर्स-52 डोंगरात कोसळलं आणि वीसजण गेले. 2019 मध्ये अमेरिकेत बी-17 बॉम्बर पडून सातजण गेले. 2022 मध्ये डॅलसच्या शोमध्ये बी-17 आणि किंगकोब्रा हवेत एकमेकांवर आदळून सहाजण गेले. मे 2024 मध्ये ब्रिटनच्या शाही वायुदलाच्या, म्हणजे जगातल्या सर्वांत शिस्तशीर जुन्या विमानांच्या तुकडीतलं स्पिटफायर पडलं आणि त्याचा वैमानिक गेला. पहिल्या तीन घटना जवळून पाहिल्या तर मात्र त्यांत विमानाच्या वयापेक्षा माणसाची घाई अधिक दिसते. युंकर्स आणि पहिलं बी-17 ही पैसे घेऊन प्रवासी फिरवत होती. स्विस चौकशीत वैमानिकांची बेफिकीर उड्डाणपद्धत पुढे आली, अमेरिकी चौकशीत देखभालीतली हयगय. डॅलसला वेगवेगळ्या वेगाची विमानं एकाच आकाशात सोडताना त्यांच्या उंचीची आधी आखणीच नव्हती. तिकिटावर प्रवासी नेऊ नयेत, एका वेळी एकच विमान हवेत असावं, खाली वस्ती नसावी, कसरती नसाव्यात, साधी सरळ भरारी असावी; एवढे नियम पाळले तर या तिन्ही घटनांची कारणंच उरत नाहीत. चौथीचं उत्तर माझ्याकडे नाही. उड्डाणात कधी ना कधी वैमानिक जाऊ शकतो. तो धोका त्याने स्वतः, पगारी व्यावसायिक म्हणून, जाणतेपणाने घेतलेला असावा, रस्त्यावरून जाणाऱ्याच्या माथी मारलेला नसावा. माझ्या मते रेष इथे आखावी. आणि आपल्याकडच्या एअर शोंचा धोका तर बहुतेकदा आकाशात नसून जमिनीवर असतो. ऑक्टोबर 2024 मध्ये चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर विमानं सुखरूप परतली, पण उन्हात आणि गर्दीत पाच प्रेक्षक मेले. लाखोंची गर्दी हे यशाचं माप धरणाऱ्यांनी आधी पाण्याच्या टाक्या मोजाव्यात.

जाणकारांचा एक सूक्ष्म आक्षेप असतो: उडवण्यासाठी भाग बदलले की ते मूळ विमान राहतच नाही. हा युक्तिवाद वेरूळच्या कैलासाला लागू पडतो, तिथे नवा दगड बसवणं म्हणजे खाडाखोडच. पण लष्करी विमानाचे भाग त्याच्या ऐन सेवेतही तासांच्या हिशेबाने बदलले जात होते. एकही भाग न बदललेलं लढाऊ विमान हे फक्त पहिल्या आठवड्यात पडलेलं विमान असू शकतं. जे प्रकार जगात एक-दोनच उरलेत, ते मुळीच उडवू नयेत, छताखाली कोरडे ठेवावेत आणि दुरुस्तीवाल्यांनी नमुना म्हणून वापरावेत. डकोटा दहा हजारांहून जास्त बनली. तिच्याबद्दल हा सोवळेपणा नको.

राहिला युद्धाच्या उदात्तीकरणाचा मुद्दा. धूर सोडणारी विमानं, लाउडस्पीकरवरचं समालोचन, हातात झेंडे घेतलेली मुलं, यात युद्ध फारच स्वच्छ दिसतं, ही तक्रार खरी आहे. चौथऱ्यावरचं विमान मात्र ती दूर करत नाही; ते नाक वर करून, जणू कायम विजयाच्या पवित्र्यात उभं असतं, आणि खालच्या पाटीवर नगराध्यक्षांचं नाव विमानाच्या नावापेक्षा मोठं असतं. डकोटासमोर मात्र सांगायला दुसऱ्याही गोष्टी असतात. काश्मीरच्या 1947च्या त्या हवाई पुलात सैनिकांबरोबर पीठ-मीठ होतं, आणि परतीच्या फेऱ्यांत जखमी आणि निर्वासित होते. श्रीनगरहून झालेल्या हवाई मोहिमांत हृषीकेश मुळगावकर होते, त्यांना महावीरचक्र मिळालं आणि 1976 मध्ये ते वायुदलप्रमुख झाले. हे नाव आज किती मराठी शाळांत माहीत आहे? मिगपुढे उभं राहून त्याचा वेगही सांगावा आणि 171 हा आकडाही. ज्याला दोन्ही सांगता येत नाहीत त्याच्या हाती माइक देऊ नये.

आणि कन्नडसारख्या तालुक्याने याची फिकीर का करावी, जिथे पाण्याचे आणि ऑट्रम घाटातल्या वाहतुकीच्या कोंडीचे प्रश्न आधीचे आहेत? विमानांसाठी कोणी पाण्याचा पैसा वळवा म्हणत नाही. पण कन्नडहून नांदगाव-मनमाडमार्गे ओझर सुमारे दीडशे किलोमीटरवर आहे, दुसऱ्या बाजूला वाळूज-चिकलठाण्याच्या यंत्रशाळा आहेत, आणि या पट्ट्यातली मुलं आयटीआयमधून फिटर, टर्नर, पत्राकाम शिकून बाहेर पडतात. 1964 मध्ये सुरू झालेल्या ओझरच्या कारखान्याने मिग-21 जोडली, नंतर मिग-27, नंतर सुखोई. त्याच्याकडे धावपट्टी आहे, शेड आहेत, आणि मिगच्या उत्पादनावर प्रत्यक्ष हात चाललेली माणसं आसपासच्या गावांत आहेत. ती आता साठीपलीकडे गेलीत. जुन्या विमानांची दुरुस्तीशाळा महाराष्ट्रात कुठे व्हावी याला दुसरं उत्तर मला दिसत नाही. तिचं पहिलं विमान मिग नसावं. ते एचटी-2 असावं: कोल्हापूरकडचे डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्या नेतृत्वाखाली बंगळूरला आखलेलं, 1951 मध्ये उडालेलं, स्वतंत्र भारतात घडलेलं पहिलं प्रशिक्षण विमान, ज्यावर वायुदलाच्या पिढ्या उडायला शिकल्या. दोन आसनांचं, धातूचं, एका लहान इंजिनाचं. ते इतकं साधं आहे, की शिकाऊ मुलांना चुका करायला वाव राहतो, आणि इतकं हळू उडतं, की त्या चुका तपासनीसाच्या नजरेतून सुटल्या तरी वैमानिकाला शेत शोधून उतरता येतं. त्यासाठी वायुदलाचा करार, विमान उड्डाणयोग्यतेचे परवाने, सुट्या भागांची शोधाशोध, हे सगळं पाच-सात वर्षांचं काम आहे. निवृत्त फिटरांची यादी करून त्यांच्यापैकी दहाजणांना आठवड्यातून दोन दिवस मानधनावर आयटीआयच्या मुलांसमोर उभं करणं, याला एवढा वेळ लागत नाही. ते पुढच्या जूनमध्ये, नव्या प्रवेशांबरोबर सुरू होऊ शकतं, आणि चौकात मिग बसवायचा ठराव मांडणाऱ्या नगरपालिकांनी आधी चौथऱ्याच्या सिमेंटचा खर्च त्या मानधनाकडे वळवावा.